सौभाग्याचा डिंक

संध्याकाळी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बोईसरच्या कामगार चाळीत मैनाबाई तीळ निवडत बसल्या होत्या आणि त्यांची सून उषा कपाळाला ओलं फडकं लावून उभी होती. टिकलीखालची जागा चिघळून तिच्यातून पिवळं पाणी गळत होतं. भोवती रुपयाएवढा पांढरा डाग. चाळीतल्या बायका त्याला कोड म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. मैनाबाईंनी सुनेचं ताट वेगळं केलं होतं. भाकऱ्या मात्र तिच्याच हातच्या चालत होत्या. शी! शिवाशिव सोयीनं कशी पाळावी ते आपल्या माणसांकडून शिकावं.

आदल्याच दिवशी उषाचा नवरा नागोराव तिला पालघरला घेऊन गेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "हे संसर्गाचं नाही. बाहेरच्या शत्रूंवर नजर ठेवायला कातडीत पेशींचा पहारा असतो. टिकलीच्या डिंकातलं रसायन हिच्या पहारेकऱ्यांनी वैरी ठरवलंय. ते वैर ते विसरत नाहीत. टिकली टेकली की पुन्हा सूज, पुन्हा पाणी. आता तर पूही झालाय. रंगाच्या पेशी मेल्या म्हणून तो डाग. टिकली बंद! जखम भरेपर्यंत कुंकूसुद्धा नको." नागोरावनं तिथं मान डोलावली आणि घरी येऊन मूग गिळून बसला.

"आत्याबाई, मी टिकली लावायची न्हाई," उषा म्हणाली.

"नवरा जित्ता असताना मोकळं कपाळ? माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस व्हय गं?" मैनाबाईंनी तिची हनुवटी धरली आणि नवी टिकली त्या ओल्या जखमेवर दाबून बसवली. उषा कळवळली.

"अहो, सांगा की डाक्टरीणबाई काय म्हनल्या ते!"

"चार बायका येत्यात," नागोराव भिंतीकडे बघत म्हणाला. "तेवढ्यापुरती ऱ्हाऊ दे. आईचं मन मोडू नगं."

बायकोचं कपाळ सडलं तरी चालेल, आईचं मन मोडायला नको! असल्या मातृभक्तीला काय जाळायचंय?

उषानं टिकली उपटली. तिच्याबरोबर खपली आली, पू आला. नवऱ्याचा हात ओढून तिनं ती त्याच्या तळव्यावर ठेवली.

"ह्यात तुमचं आयुष्य हाय म्हनं. घ्या, तुमीच सांभाळा."

नागोरावला ओकारी आली. तो मोरीकडे धावला आणि साबण घेऊन हात घासघासून धुऊ लागला. जे त्याला क्षणभर तळव्यावर सोसवलं नाही, ते ती वर्षभर कपाळावर वागवत होती.

दारात बायकांचा आवाज आला. उषा उघड्या कपाळानं दार उघडायला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "टिकली मोरीत वाहून गेली, आत्याबाई. बघा, तुमचा ल्योक जित्ता हाय का."