वडावर टांगलेला जार

मी जार बोलतोय, जनावर व्यालं की पिलामागून पडतो तो. नाक मुरडलंत ना? मुरडा. माझं नाव कोणी जेवताना काढत नाही, पाहुण्यांसमोर काढत नाही. बाईला मूल झालं की माझ्या भावकीतली वार पडते. तिला निदान खड्डा खणून, वर हळदकुंकू टाकून पुरतात. गाईम्हशीच्या जाराचीही लोक वाट बघत बसतात. मी मात्र कुत्रीचा जार. म्हणजे आधीच उकिरड्यावरचा, त्यात कुत्र्याचा.

सध्या माझा मुक्काम अकोल्याला असतो. ढोरांच्या डॉक्टरीच्या एका वर्गात, कपाटाच्या वरच्या फळीवर, औषधी पाण्यानं भरलेल्या बरणीत मी बसलोय. अंगाचा रंग उडालाय, कडा सुरकुतल्यात. विद्यार्थी येतात, बघतात आणि डबा खायला बाहेर जातात. इतकी प्रतिष्ठा आमच्या घराण्यात आजवर कोणाला मिळाली नसेल.

माझा जन्म परतवाड्याच्या रस्त्यावरच्या एका भाजीच्या मळ्यात झाला. मळा मोतीराम माळ्याचा. त्याची बायको माणिकबाई, आणि राखणीला लाली नावाची तांबडी कुत्री. साल बासष्ट की त्रेसष्ट, नक्की सांगता येत नाही. पोटात पंचांग नसतं. त्या हिवाळ्यात लालीच्या पोटात तीन पिलं होती आणि प्रत्येकाचा एकेक जार. शेवटच्या पिलाचा मी.

पिलू आणि मी एकाच थेंबातून निघालो. पुढे वाटणी झाली. डोळे, कान, पाय, शेपूट, भुंकणं हे सगळं त्याच्या वाट्याला गेलं. माझ्या वाट्याला काम आलं. कोर्टात जायची सोय नव्हती, म्हणून कामाला लागलो.

बाईची वार भाकरीसारखी गोल असते. गाईचा जार ठिकठिकाणी बटणं लावल्यासारखा चिकटलेला असतो. मी पडलो पट्टा. हवालदाराच्या कमरेला असतो तसा पिलाच्या पिशवीला मधोमध गुंडाळलेला. मांजरीचा जारही असाच. हवालदाराचा पट्टा निदान लोकांना धाक घालतो. मला कोण भिणार?

माझं सगळं काम प्रथिनांच्या जिवावर चालायचं. इथले डॉक्टर वर्गात शिकवताना सांगतात, डाळीत असतात ती प्रथिनं. असतात खरी, पण माझ्याकडची घाम गाळणारी होती. काही कुदळवाली होती. लालीच्या गर्भाशयाची भिंत थोडी थोडी विरघळवत आत वाट काढणं हे त्यांचं काम. फार हावरटपणा केला तर आईचा जीव जायचा, फार भित्रेपणा केला तर पिलू उपाशी मरायचं. म्हणून लालीच्या रक्तवाहिन्यांच्या पातळ भिंतीला जाऊन भिडायचं आणि तिथंच थांबायचं. काही प्रथिनं हाका मारणारी होती. त्यांच्या हाकेसरशी नव्या रक्तवाहिन्या फुटायच्या. काही दारावरचे हमाल, साखर आणि लोह आत वाहणारे. एक निरोप्या तर लालीच्या रक्तात शिरून तिला सांगायचा, बाई, कंबर आता जरा सैल सोड. या मंडळींपैकी पुष्कळांना अजून पुस्तकात नावंसुद्धा नाहीत. बेनाव मजूर आणि त्यांचा बेनाव मुकादम, असा आमचा कारखाना होता.

अमरावतीच्या भाजीबाजारात अडत्या बसतो ना, तसा मी बसलो होतो. शेतकरी आणि व्यापारी अडत्याच्या रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात. लालीचं रक्त आणि पिलाचं रक्त एकमेकांना कधी भेटलंच नाही. सगळा व्यवहार माझ्या रुमालाखाली झाला. फरक एवढाच की अडत्या गबर होतो आणि माझं दुकान दोन महिन्यांत उठणार होतं.

मागणी मात्र मी सावकारासारखी करायचो. मजुरांना घडायलाच प्रथिनं लागत. मग लाली शेजारच्या मळ्यातल्या कोंबडीची अंडी पळवायची. एकदा तर तिनं मोतीरामची कातडी वहाण चावून खाल्ली.

"लालीले डोहाळे लागले बाप्पा," माणिकबाई हसून म्हणायची आणि भाकरीवर तुरीचं घट्ट वरण ओतून तिच्यापुढे ठेवायची. चोरी करायला लावणारा मी, आणि कौतुक लालीचं. तरी त्या वरणासाठी मी माणिकबाईचा जन्माचा ऋणी आहे.

आता माझ्या कडांचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. माझ्या दोन्ही कडांना मी लालीचं थोडं रक्त साचवून ठेवायचो. त्यातलं लोह काढून पिलाला द्यायचं, हा त्यातला हेतू. पण रक्त असं मोडलं की त्याचा रंग हिरवागार होतो. मांजरीच्या जाराची कड तपकिरी असते, चारचौघांत खपून जाते. माझी कड मात्र कोथिंबिरीच्या चटणीसारखी.

पिलं झाली ती सकाळी, गोठ्यातल्या कडब्यावर. गार वारं सुटलं होतं. पहिलं पिलू आलं, पाठोपाठ त्याचा जार आला. लालीनं पिलू चाटलं आणि जार खाऊन टाकला. कुत्री तसंच करते. आमच्या जन्माचं सार्थक त्यातच असतं. पण नेमकी माणिकबाई शेणाची पाटी घेऊन आत आली.

"आवो, धावा! लाली जार खाऊन राहिली!"

मोतीराम वांग्याच्या वाफ्यातून धावत आला. "खाऊ देऊ नको वं! जार खाल्ला तं दूध आटते!"

हा कायदा गाईम्हशींचा. त्या घरात डोळ्यांदेखत व्याली तर म्हैसच व्यायची, त्यामुळे दुसरा कायदा त्यांना ठाऊक नव्हता. दुसरं पिलू आलं तसा त्यांनी काठीनं त्याचा जार ओढून घेतला. मग माझं पिलू आलं आणि त्याच्यामागून मी. सगळ्या कडब्यावर हिरवं सांडलं.

मोतीराम पांढरा पडला. "अवं, हे हिरवं काय? परवा म्या वांग्यावर औषध फवारलं होतं. इख तं नाही गेलं हिच्या पोटात?"

"मंग तं मुळीच खाऊ देऊ नका," माणिकबाई म्हणाली. "एकडाव बाहीर पडलं इख, पुन्हा पोटात जाईन."

हा माझ्या हिरव्या कडेचा प्रताप. आम्हा दोघा जारांना गोणपाटात बांधून मोतीरामनं विहिरीजवळच्या वडाला टांगलं. म्हशीचा जारही तिथंच टांगत. वडाला चीक असतो, म्हणून तिथं जार टांगला की दूध वाढतं, असं लोक मानतात. त्या माउलीच्या आणि त्या बापड्याच्या मनात लालीचं भलंच होतं.

लालीनं तिन्ही पिलं एकदा हुंगली. मग ती उठली, वासाचा माग काढत वडाखाली आली आणि वर बघून भुंकायला लागली.

मोतीरामनं तिला ओढत गोठ्यात नेऊन बांधलं. तिनं दोर कुरतडला आणि परत वडाखाली येऊन बसली. जराशानं गोठ्यातून पिलांचं कुईकुई ऐकू यायला लागलं. लालीचे कान तिकडे जायचे आणि नाक माझ्याकडे वर व्हायचं. नाक जिंकत होतं.

वरून मला सगळं कळत होतं. पिलांना अंगची ऊब नसते, आई पाहिजे. पहिल्या दुधाचा चीक तर पाहिजेच पाहिजे. रोगाशी लढणारी थोडी प्रथिनं मी पिलाला पोटातच दिली होती, पण खरा साठा त्या चिकात असतो. तो चीक वडाखाली बसून माझ्यावर भुंकत होता. दोन महिने मी पिलाला आईशी बांधून ठेवलं, एक दिवस सुट्टी घेतली नाही. आणि आता माझ्याच वासानं आई पिलापासून तोडली होती. असला करंटा जार दुसरा नसेल. मला रडायचं होतं, पण रडायचे डोळे पिलाच्या वाट्याला गेले होते.

माणिकबाईनं कापसाची वात म्हशीच्या दुधात बुडवून पिलांना चोखायला दिली. थोरल्या दोघांनी चोखली. माझ्या पिलानं तोंडच उघडलं नाही. गोठ्यातून आता दोनच आवाज येत होते.

तेवढ्यात बैलांना टोचायला डॉक्टर आले. भगवंत तायडे त्यांचं नाव, पातूरकडचे, नोकरीला नवे. सायकल विहिरीला टेकवून ते लालीकडे बघत राहिले.

"पिलं गोठ्यात अन् माय वडाखाली? काय झालं जी?"

"इख बाधलं हिले, डॉक्टरसायेब," मोतीराम म्हणाला. "हिरवं हिरवं पडलं."

डॉक्टरांनी लालीच्या हिरड्या पाहिल्या, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि हसले. "काही इख नाही, मोतीरामभाऊ. कुत्रीचा जार हिरवाच असते."

"पण ढोरानं जार खाल्ला तं दूध..."

"लाली काय कडबा खाते? गाईले मांस पचत नाही, तिच्यापासून राखता ते ठीक. हिले पिलं सोडून भाकर मागाले येता येत नाही, म्हणून हा तिचा घरचा डबा. तुमी डबा झाडाले टांगला, मंग ते डब्यापाशी बसली. उतरवा तो."

मोतीरामनं मान हलवली. "टांगलेला जार उतरवत नाही जी. म्हशीचं दूध जाईन."

माणिकबाई पदरात काहीतरी धरून गोठ्यातून आली. माझं पिलू होतं. पहिल्यांदा पाहिलं मी त्याला, तेही गोणपाटाच्या भोकातून. निपचित, ओल्या पायमोज्याएवढं. माझी सगळी कमाई तेवढीच.

"ऐकता का," ती नवऱ्याला म्हणाली, "आपल्या मांजरीनं मांगच्या खोलीत कापसाच्या ढिगात पिलं देल्ले. तिचा जार पाह्यला तुमी? म्या बी नाही पाह्यला. तिनं खाल्ला असन चुपचाप. तिचं दूध आटलं काय? पिलं कसे गोटे झाले! अन् हे पाहा, हे थंड पडून राहिलं. हे मेल्यावर कोणासाठी दूध ठेवता?"

डॉक्टरांनी बूट काढले आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला.

"माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं," वडाच्या पारंबीला हात घालत ते म्हणाले. "म्हणे, आपल्या घरचा हात आता जित्याच्याच कामी येईन. धरा माही सायकल."

मोतीरामनं पुढे होऊन त्यांचा हात धरला. "तुमी नोका चढू सायेब. टांगला म्या, उतरवतो म्या."

तो चढला. गोणपाट खाली आलं, सुटलं, आणि लालीनं झडप घालून माझ्या शेजाऱ्याला खाल्लं. मग ती माझ्याकडे वळली. तिचा श्वास माझ्या अंगावर आला. झालं, म्हटलं, आता मी लालीच्या पोटात, तिथून दुधात, तिथून पिलात. आमच्या स्वर्गाचा रस्ता असाच जातो.

त्याच वेळी माणिकबाईनं पिलू तिच्या तोंडापुढे ठेवलं. लाली थबकली. तिनं एकदा मला हुंगलं, एकदा त्याला. आणि मला तिथंच टाकून ती पिलाला चाटायला लागली. पोट चाटलं, छाती चाटली, जिभेनं उलटंपालटं केलं. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मोतीराम देवाचं नाव घ्यायला लागला. मग पिलानं तोंड उघडून बारीकसा सूर काढला. लालीनं त्याला तोंडात धरलं आणि मागं वळूनही न बघता गोठ्याकडे निघाली.

मी धुळीत पडलो होतो. आईनं मला टाकलं, आणि त्याहून मोठा आनंद मला जन्मात झाला नाही.

"लोकाईले दाखवाले न्यावं काय हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्या जी," मोतीराम म्हणाला. "फक्त कोणाले सांगू नका, मोतीरामाच्या घरचा हाय म्हणून."

पिलू मादी निघालं. त्या दिवशीची आठवण म्हणून माणिकबाईनं तिचं नाव हिरवी ठेवलं. म्हशीचं दूध आटलं नाही. डॉक्टरांची पुढे अकोल्याला शिकवायच्या कामावर बदली झाली. येताना ते मला बरणीतून घेऊन आले आणि हिरवीला सायकलच्या पिशवीतून.

हिरवी आता वर्गातच लोळत असते. लहानपणी तिनं एकदा दाखवायला बाकावर काढलेली माझी बरणी पाय टेकून हुंगली, औषधाच्या वासानं दणकून शिंकली आणि निघून गेली. मला राग नाही आला. तुम्ही तरी रोज आंघोळ करताना बेंबीत बोट घालता, तेव्हा आठवतं का कोणाला? तुमच्यासाठीही कोणीतरी आईच्या दारात बसून असाच सौदा केला होता. जमलं तर एखाद्या दिवशी साबण लावताना त्या वारेचं नाव काढा.

बाकी मला एकच मागणं मागायचं आहे, आणि ते घाईचं आहे. हिरवी गाभण आहे. पोट तटतटलंय, डॉक्टरांच्या घरून रोज वरण येतं, आणि तिच्या पोटात माझ्यासारखे पट्टे रात्रंदिवस राबतायत. काल एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, हिचे जार बी ठेवाचे काय बरणीत?" डॉक्टरांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि ते फळा पुसायला लागले.

डॉक्टरसाहेब, माझं ऐका. माझे दोन्ही सोबती लालीच्या पोटात गेले, त्यांचं दूध झालं आणि ते हिरवीच्या हाडामांसात गेले. ती पळते तेव्हा तेही पळतात. मी तेवढा शाबूत राहिलो आणि इथं फळीवर बसून तिला बघत असतो. हिरवीचे जार हिरवीला खाऊ द्या. तुमच्या कपाटाला मी एकटा पुरे.