शिडी आणि बेडूक

शिलाई कारखान्याच्या मालकिणीचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसले होते.

"मावशी, काल तुम्ही बघून गेलात ना, त्या मशिनवर दोरा अजून तुटतोय."

मी शिलाई मशिन दुरुस्त करते. माझा हात लागलेलं मशिन लगेच दुसऱ्या दिवशी मला परत बोलावत नाही, अशी माझी ख्याती आहे आणि ती मी कष्टाने मिळवली आहे. ताट झाकून ठेवलं, गाडी काढली, गेले. मशिन उघडून हूक बाहेर काढला. हूक म्हणजे खाली गरगर फिरणारा आणि वरचा दोरा पकडणारा भाग. त्याच्या टोकावर केसाएवढी जरी खरखर असली तरी दोरा तुटतो. ती डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला लागते. मी अंगठा फिरवला. गुळगुळीत. पुन्हा फिरवला. गुळगुळीत.

मालकिणीने सहज आपली करंगळी लावली. "इथे टोचतंय की, मावशी."

मला काही टोचलं नव्हतं. मी ते टोक घासून साफ केलं आणि परत निघाले. वाटेत सिग्नलला हातमोजा काढून अंगठ्याला चिमटा घेऊन पाहिला. दुसऱ्याच कोणाला तरी घेतल्यासारखा वाटला.

डॉक्टरांनी मनगट दाबलं, वाकवलं, टिचक्या मारल्या. म्हणाले, नस दबली आहे. मग विचारलं, "कामावर कशा जाता?"

"मोटारसायकलने."

त्यांनी माझे पांढरे केस पाहिले, पण चांगले होते बिचारे, हसले नाहीत. "कोणती?"

मी सांगितलं. लाल, बुटकी, हँडल खाली असलेली, शर्यतीत असते तशी.

"म्हणजे पुढे वाकून, अंगाचा सगळा भार तळहातांवर?"

"त्यावर तसंच बसायचं असतं."

"मग आता ठरवा. ही गाडी हवी का हात हवेत?"

सासू-सुनांची भांडणं स्वयंपाकघरात होतात म्हणे. आमची पार्किंगमध्ये होतात. माझी सून पाणीखात्यात आहे. जमिनीखालचे नळ कुठे गळताहेत ते शोधत ती दिवसभर फिरते, कधी डांबरावरून, कधी खडीवरून. तिची गाडी ती दूरच्या प्रवासाची, उंच, रुंद हँडलाची, दिव्याखाली चोचीसारखं टोक असलेली. मी तिला शिडी म्हणते. माझ्या गाडीला ती बेडूक म्हणते, कारण त्यावर बसलं की गुडघे कानाशी येतात.

त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, एवढं काय त्यात? मी सोडत जाईन व्हॅनने."

मुलगा पडदे बसवायची कामं घेतो. त्याची व्हॅन म्हणजे त्याचं वेळापत्रक. सकाळी एका कारखान्यात सुई अडकली, दुपारी दुसऱ्यात पट्टा तुटला, असं माझं काम. माझी सगळी गिऱ्हाइकं मी त्याच्या पडद्यांबरोबर टांगून ठेवायची? आणि शेजारच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसायचं? एकदा का बाई अशी बसली, की पुढे तिला घरीच बसवतात.

"मी कोणाच्या शेजारी बसणार नाही," मी म्हणाले.

"मग माझी घ्या," सून म्हणाली.

"शिडीला चाकं लावली की तिला गाडी म्हणतात होय गं?"

"आणि बेडकावर बसून कोणाचे हात टिकलेत, आई?"

मी तिला माझी बाजू समजावली. बेडूक वाईट नाही. वेगात वारा छातीला खालून उचलून धरतो, तेव्हा मनगटांवर काहीच भार राहत नाही. वळणावर ती नुसत्या नजरेने वळते. जो म्हणतो ती त्रास देते, त्याने ती नीट पळवलेलीच नाही.

सून शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बरोबर आहे. पण तेवढा वेग तुम्हाला शेवटचा कधी मिळाला?"

मी आठवू लागले. कारखान्याचा रस्ता म्हणजे ट्रक, बस, खड्डा, सिग्नल, पुन्हा ट्रक. तिथे वारा कोणाची छाती उचलायला येत नाही. रोज तासन् तास मी तळहातांवर ओणवी होते, आणि मला पाठीवर हात ठेवून कोणी विचारलं असतं तर मी शर्यतीचंच कौतुक सांगितलं असतं.

"सीटची उंची किती तुझ्या शिडीची?" मी विचारलं.

तिने माहितीपत्रक दिलं. वाचायला मी चाळिशीनंतर शिकले, त्यामुळे वाचायला घेतलेलं अर्धवट सोडत नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि घडी घालून परत दिलं. "माझे पाय पोचणार नाहीत."

"दोन्ही नाहीत. एक पोचेल. एकच लागतो."

सुट्टीच्या सकाळी गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर तिने मला शिकवलं. शिकवते तर कशी, कोणाची भीड नाही. "आई, तंगडी फेकू नका, लाथ मारताय का? स्टँड लावलेलाच राहू दे. डावा पाय पायदानावर ठेवा, उभ्या राहा, मग उजवा पाय पलीकडे. घोड्यावर चढतात तसं."

"मी कधी घोड्यावर चढले?"

"मग आज चढा."

चढले. पाठ सरळ, कोपरं मोकळी, हात नुसते हँडलवर ठेवलेले. समोरच्या कुंपणापलीकडचं सगळं दिसत होतं. बेडकावरून मला आयुष्यभर पुढच्या ट्रकचा मागचा दिवाच दिसला होता.

"कसं वाटतंय?" तिने खालून विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणाले. सुनेला एका दिवसात एवढंच द्यायचं असतं.

थांबायचं कसं तेही तिने घोटून घेतलं. थांबताना कंबर थोडी डावीकडे सरकवायची, डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. "आणि थांबायची जागा आधी बघायची. रस्त्याचा उतार कुठे आहे ते बघायचं. पाय पडेल तिथे जमीन उंच हवी."

सोमवारी आम्ही गाड्या बदलल्या. ती बेडकावर गेली, मी शिडीवर. रस्ताभर मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. खड्डे खालच्या खाली जिरत होते. वळणावर हँडल रुंद असल्याने एवढी मोठी गाडी माझ्या म्हणण्याप्रमाणे वळत होती. बसच्या चालकाशी माझी नजरानजर झाली, त्याने मान हलवली, मीही हलवली.

कारखान्यासमोर पोचले. खिडकीत शिवणाऱ्या बाया जमा झाल्या, कारण मावशी एवढ्या उंचावरून येताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी त्यांच्याकडे बघत, ऐटीत, गटाराच्या बाजूला थांबले. तिथे रस्ता उतरता होता. पाय खाली गेला आणि जमीन तिथे नव्हती.

गाडी सावकाश आडवी झाली. मीही सावकाश, तिच्याबरोबर. कुठे खरचटलंसुद्धा नाही, पण खिडकीतून जो आवाज आला तो सगळी मशिनं एकदम बंद पडल्यासारखा होता.

मालकीण धावत आली. "मावशी! कशाला हा आगाऊपणा या वयात? मुलाला फोन करू?"

मुलगा आला असता तर व्हॅन घेऊन आला असता, आणि मग रोजच आला असता.

"फोन नको," मी म्हणाले. "बाजूला हो."

हेही सुनेने शिकवलं होतं. गाडीकडे पाठ करायची, बैठक मारायची, एक हात हँडलला, एक सीटखाली, आणि पायांनी उचलायची, पाठीने नाही. उचलली. एका दमात नाही, पण उचलली. स्टँड लावला, ओढणी सारखी केली, आत गेले आणि पहिल्या मशिनसमोर बसले. बाया पुन्हा शिवायला लागल्या. काम होईपर्यंत कोणी काही बोललं नाही. चहाच्या वेळी मात्र सगळ्यांनी मिळून माझं पडणं मला करून दाखवलं.

सून संध्याकाळी बेडकावरून आली ती पाठ धरून, पण डोळे चमकत होते.

"मागच्या वळणावर कसली वळते ही! मी पुन्हा मागे जाऊन वळवून आले."

"नजर कुठे होती तुझी?"

"समोर."

"समोर नाही. वळण जिथे संपतं तिथे ठेव. उद्या दाखवते."

दुसऱ्या दिवशी दाखवलं. माझं रोजचं काम शिडीवर आणि तिचा सुट्टीचा घाट बेडकावर, असं तिनेच हळूच सुचवलं. मग तिने कामावर खडीवरून जायचं कसं? तर ऑफिसने तिला एक जुनी जीप दिली. शिडी कामाच्या दिवशी माझ्याकडेच राहिली.

काही आठवड्यांनी त्याच कारखान्यातून बोलावणं आलं. दोरा तुटतोय. मी हूक काढला. मालकीण करंगळी पुढे करून तयारच होती. मी तिचा हात बाजूला सारला आणि अंगठा फिरवला, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग टोकाच्या अलीकडे, अगदी बारीक, मुंगी चावावी तसं.

"इथे," मी म्हणाले.

मालकिणीने बोट लावलं, भुवया वर केल्या. "मला तर काहीच लागत नाही."

"तुला नाही लागायचं."

टोक घासलं, मशिन लावलं, दोरा सरळ धावला. बाहेर गाडी फुटपाथला खेटून उभी होती, डाव्या पायाखाली उंच कड येईल अशी. खिडकीत पुन्हा सगळ्या जमल्या होत्या. मी स्टँडवरच्या गाडीच्या पायदानावर पाय ठेवला, उभी राहिले, आणि घाई न करता दुसरा पाय पलीकडे टाकला.