बुरोंडीच्या चिखलातला खिळा

झरीननं बरणी बेसिनमध्ये उपडी केली तसा चिखल भसकन पडला आणि त्यामागून खण्णकन काहीतरी वाजलं. तिनं बोटांनी चाचपलं. खिळा! होडीच्या फळीला मारतात तसला, चांगला बोटभर, गंजून लाल झालेला.



बुरोंडीच्या खाडीतला हा चिखल काल तिनंच घरून रत्नागिरीला आणलेला. त्यातल्या जिवाणूंच्या पोटात लोहाचे बारीक कण असतात, म्हणजे इवलाले लोहचुंबकच. प्रयोगशाळेतल्या नखाएवढ्या हिऱ्यावर ते ठेवायचे, हिरवा लेसर सोडायचा. हिरा लाल उजळतो आणि त्या उजेडातल्या फरकावरून एकेका पेशीचं चुंबकत्व पडद्यावर उमटतं. बाहेरचं लोखंड चिखलात शिरलं की सगळं बिघडतं; आज सकाळी उमटले ते नुसते गिचमिड डाग. प्रयोगशाळेचे प्रमुख दीपक सर मुद्दाम बघायला आलेले. झरीन सगळ्यांदेखत हाताखालच्या मनस्वीवर कडाडली, "स्टीलचा चमचा घातलास ना? प्लॅस्टिकचा घ्यायचा, एवढं कळत नाही?" गुहागरची ती पोर नाही नाही म्हणत राहिली. पण कोण ऐकतंय! सरांनी तिला या कामातून काढायचंच ठरवलं.

झरीननं घरी फोन लावला.

"अम्मी, बरणीत खिळा तू टाकलास?"

"मग! मगरीबच्या वक्ताला, दिवेलागणीला खाडीचा चिखल घेऊन एकटी निघालीस. वाटेत काय लागीर झालं म्हंजे? लोखंड असलं की काय जवळ येत नाय." फरीदाबी खुशीत होती. "नीट पोचलीस ना गो?"

"पोचले," झरीन म्हणाली. रागवायला जीभच उचलेना.

खिळा कचऱ्यात टाकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. आणि सांगायचं तरी काय? हिऱ्याच्या यंत्रावर काम करणाऱ्या बाईची आई भुताखेतांसाठी खिळे घालते? नुसत्या विचारानं तिचे कान तापले. खिळा मुठीत दाबून ती सरांच्या खोलीत गेली.

मनस्वी मान खाली घालून उभी होती. डोळे सुजलेले.

"लागला असेल चमचा माझ्याकडून, सर," ती म्हणत होती. "ताई खोटं कशाला बोलतील?"

झरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं खिळा टेबलावर ठेवला.

"हा बरणीत होता. मनस्वीची काही चूक नाही."

"बरणीत कुणी टाकला?"

"माझ्या अम्मीनं. वाटेत मला काही होऊ नये म्हणून."

सर हसू दाबत खिडकीकडे वळले. मनस्वी मात्र हसली नाही. तिनं खिळा उचलून ओढणीच्या टोकानं पुसला आणि झरीनच्या हातात परत दिला.

"माझी आईपण मी निघाले की माशाच्या डब्यात कोळसा घालते, ताई," ती हळूच म्हणाली.

झरीनला काही केल्या मान वर करता येईना.