बसवून दिलेली पिन

पेटीवर कंपनीचं नाव तेच, रायफलीचं नाव तेच, छापलेलं चित्रसुद्धा तेच. आणि आतून निघाली भलतीच पिन! खांदा जाड, टोक लांब. ह्या परदेशी कारखानदारांना कोणीतरी सांगा रे, की बावीस वर्षांपूर्वीची रायफल वापरणारी माणसं अजून जिवंत आहेत. ह्यांनी नवी मालिका काढली, नाव जुनंच ठेवलं, आणि आतले सगळे भाग बदलून टाकले.

रायफल माझ्या मुलीची. घरात तिला खारू म्हणतात, कारण लहानपणी एका जागी ठरायची नाही. तीच आता पन्नास मीटरवर तासभर पालथी पडून श्वास धरते. ज्युनियर संघाची ही शेवटची निवड. पुढच्या महिन्यात तिचं वय अटीबाहेर जातं. निवडीच्या तीन दिवस आधी सरावात पिन मोडली. चाप ओढला की बोल्टातून पुढे जाऊन काडतुसावर आपटते ती ही पिन. एवढीशी, पण ती नसली तर अख्खी रायफल म्हणजे नुसती काठी.

"बाबा, जुन्या बनावटीचीच मागव म्हणून मी सहा महिने सांगतेय," खारू म्हणाली.

"मिळत नाही गं ती आता. हीच बसवून देतो. मी आहे ना!"

"काकाच्या रायफलीत आहे की तसलीच."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तीस वर्षं बंदुका दुरुस्त करतोय, आणि एका पिनेसाठी दादाच्या दारात जाऊ? दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्याकडे खारूच्याच मालिकेची रायफल होती. बारा वर्षांपूर्वी त्याने नेमबाजी सोडली, रायफल कपाटात गेली, नळी गंजली. मी म्हटलं, राहू दे त्याचं त्याच्यापाशी. पिन शिकंज्यात आवळली आणि कानस चालवली. खांदा उतरवला, टोक आखूड केलं. मग मानेवर तीन बारीक खाचा मारल्या. मी बसवलेल्या प्रत्येक भागावर त्या असतात, ती माझी सही. खारूने दहा गोळ्या झाडून पाहिल्या. दहाच्या दहा सुटल्या.

"बघ! उगाच जिवाला घोर लावून घेतेस," मी म्हणालो.

निवडीच्या दिवशी सकाळी आठला ती गेली. मी टेबल आवरायला बसलो. पेटीत पिना दोन होत्या. दुसरीही तयार ठेवावी म्हणून शिकंज्यात आवळली. पहिल्या दोन-तीन घासांना कानस घसरली, आणि मग एकदम साबणात शिरावी तशी आत गेली. माझा हात थांबला. परवाही अशीच गेली असणार. पण परवा मी रागाच्या भरात होतो, हाताला काय लागतंय तिकडे लक्षच नव्हतं.

जुन्या पिना आतून-बाहेरून सारख्याच कडक असायच्या. ह्या नव्या पिनांना कडकपणा नुसता वरून, सालीपुरता. आत मऊ. आणि ती साल मी माझ्या हाताने काढून टाकली होती. शिकाऊ पोराने केलं असतं तर त्याच्या कानाखाली आवाज काढला असता मी!

ती दुसरी पिन तशीच घासली, भंगारातल्या बोल्टात घातली आणि रिकाम्या काडतुसावर चालवू लागलो. ठोके मोजले. बासष्टाव्याला टोक चपटं झालं. दहा गोळ्या घरी झाडलेल्या. तिथे निशाणा जुळवायला दहा-बारा तरी जाणार. आणि स्पर्धेच्या मुख्य साठ. ऐन खेळात जाणार ती. फोन लावला, पण नेमबाजीच्या रेंजवर फोन कपाटात बंद करून ठेवायला लावतात. वाजून वाजून बंद झाला.

चपला घातल्या की नाही आठवत नाही. दोन गल्ल्या पळत दादाकडे गेलो. वहिनींनी दार उघडलं.

"अहो भावजी, काय झालं? बसा तरी."

"बसायला वेळ नाही वहिनी. दादा, तुझी रायफल दे. पिन हवीय. खारूची मोडणार आहे."

दादा खिडकीशी वाचत होता. मला वाटलं आता बोल लावेल. पण उठला, कपाट उघडलं, पेटी काढली. "परवाना माझ्या नावावर आहे. मी येतो," एवढंच म्हणाला. रिक्षात तो एक-दोनदा काहीतरी सांगायला वळला. मी त्याला बोलू दिलं नाही. माझी बडबड चालूच होती, कंपनीला शिव्या, रिक्षावाल्याला शिव्या.

पोचलो तेव्हा खारूच्या चोवीस गोळ्या झाल्या होत्या. काचेपलीकडे तिच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते. वर पाटीवर गुण: दुसरा नंबर. तिघींना घेणार होते. दाराशी एक जाडा रेंज ऑफिसर उभा.

"साहेब, सात नंबरच्या रायफलीची पिन जाणार आहे. मी तिचा बाप, मीच मिस्त्री. दोन मिनिटं द्या, बदलून देतो."

"आत्ता चालतेय ना रायफल?"

"आत्ता चालतेय, पण..."

"मग थांबा. बंद पडली तर बघू. बाहेरच्याला खेळाडूशी बोलता येत नाही."

हातापाया पडलो त्याच्या. काही उपयोग झाला नाही. बाकावर दादाशेजारी बसलो, मांडीवर हत्यारांची गुंडाळी. एकेक गोळी मोजत होतो. तीस. पस्तीस. प्रत्येक आवाजाला जीव भांड्यात पडायचा आणि पुढच्या क्षणी पुन्हा टांगणीला लागायचा. अडतीस. चाळीस. खारू दुसऱ्या नंबरावरच होती. एक्केचाळीस.

मग आवाजच आला नाही. खारूने बोल्ट ओढला, नवं काडतूस घातलं. पुन्हा काही नाही. तिचा हात वर गेला.

ऑफिसरने रायफल बाहेर आणून टेबलावर ठेवली. "पंधरा मिनिटं. त्यात चालू झाली तर उरलेल्या झाडता येतील."

पंधरा मिनिटं म्हणजे मला खूप झाली! खारूच्या बोल्टातून पिन काढली. टोक बोथट, खिळ्यासारखं झालेलं. फेकून दिली. दादाच्या रायफलीचा बोल्ट खोलला. घट्ट होता, तेल वाळून चिकटलेलं. पिन सुटली, पुसली, उजेडात धरली.

मानेवर तीन खाचा होत्या.

आधी कळेचना. म्हटलं चुकून मगाचचीच उचलली. मग टोक पाहिलं. आखूड. कानशीचे ओरखडे, जुने, काळवंडलेले, आणि हात माझाच. आठवलं सगळं. तेव्हाही ह्याच कंपनीची दुसऱ्याच मालिकेची पिन आली होती. तेव्हाही मी म्हणालो होतो, बसवून देतो.

तरी बसवली. बसली झटक्यात. रिकामं काडतूस घालून ऑफिसरसमोर चाप ओढला. टिक. काडतुसाच्या कडेवर नखाने दाबल्याएवढी खूण. पुन्हा टिक. दादाच्या बोल्टात जेमतेम पोचायची ती, खारूच्या बोल्टात तेवढीही पोचेना.

"दादा, ही..."

"हेच सांगत होतो रिक्षात," दादा म्हणाला. "माझी दहातली तीन काडतुसं सुटायची नाहीत. घेऊन आलो होतो तुझ्याकडे. तू म्हणालास, रायफल ठीक आहे, तुझा हात बघ."

म्हणालो होतो. सगळ्यांनाच म्हणतो मी ते. रडत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच ऐकवून परत पाठवतो. भावालाही पाठवलं होतं, आणि त्याने ते खरं मानून रायफल कपाटात ठेवली. बारा वर्षं!

"मग तेव्हा भांडला का नाहीस माझ्याशी?"

"मिस्त्री तू. मला काय कळणार त्यातलं?"

तरी खटपट करत राहिलो. पत्र्याची चकती मागे लावली, स्प्रिंग ताणली. टिक. टिक. ऑफिसर घड्याळाकडे बघत होता, आणि शेवटी त्याने मान हलवली. खारूच्या एकोणीस गोळ्या पेटीतच राहिल्या. पाटीवर तिचं नाव खाली खाली सरकत गेलं.

ती बाहेर आली. चेहरा पांढराफटक. जाड कोटाची बटणंही उघडली नव्हती. रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं.

"बाबा, चाप ओढताना माझ्याकडून काही चुकलं का रे? शेवटच्या दोन वेळा हात जड वाटला मला."

दादा माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "तुझा हात बरोबर होता. पिन मी बिघडवली. आणि काकाची पण मीच बिघडवली होती, तेव्हा त्याचाही हात बरोबर होता."

दरवेळी खेळ संपला की ती आधी हातमोजा काढते आणि रायफल माझ्या हातात देते, सहा वर्षांची सवय आमची. मी सवयीने दोन्ही हात पुढे केले. खारूने टेबलावरची आपली रायफल उचलली आणि दादाकडे दिली.

"काका, तू धर," ती म्हणाली.

दादाने ती नीट, बारा वर्षांपूर्वी धरायचा तशीच धरली. मी फेकून दिलेली ती बोथट पिन उचलायला खाली वाकलो.