मेंदीखालचा डाग

मंदाबाईच्या डाव्या पायाच्या शिरा साऱ्या गावाला ठाऊक होत्या. धान रोवण्याच्या दिवसांत लुगडं खोचून ती बांधीतल्या चिखलात उतरली की पोटरीवरच्या निळ्या गाठी दिसायच्या आणि बाया म्हणायच्या, "दवाखान्यात जा वं बाई." ती हसण्यावारी न्यायची. घोट्याच्या वरचा काळपट डाग मात्र कुणीच पाहिला नव्हता. मंदाबाईने पाहू दिला असता तर ना!

चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या सडतात. त्या चिखल्या होऊ नयेत म्हणून रोवणाऱ्या बाया पावलांना मेंदी लावतात. मंदाबाईची मेंदी हळूहळू घोटा ओलांडून वर चढली, तरी कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

हा डाग महारोगाचाच, अशी तिची खात्री होती. तिच्या रुक्मामावशीला असाच डाग उठला तेव्हा घरच्यांनी तिला गावाबाहेर झोपडीत ठेवलं होतं, आणि ती तिथेच एकटी गेली. घरात सून अल्का दोन जिवांची. पेरणीच्या सुमारास तिला मुलगी झाली, खुशी. मंदाबाईने मनाशी ठरवून टाकलं की या लेकराला हात लावायचा नाही. ताट वेगळं केलं आणि नवस आहे म्हणून ठोकून दिलं. अल्का लेकरू पुढे करायची तेव्हा हिचे हात नेमके शेणाचे असायचे. "माय, काऊन अशी करून राहिली?" मुलगा गजेंद्रने विचारलं, तर ती त्याच्यावरच खेकसली. रात्री मात्र पाळण्याच्या दोरीकडे बघत पडून राहायची, बिचारी.

दिवाळीनंतर अर्जुनी मोरगावला शिरांच्या आजाराचं शिबिर लागलं. गजेंद्र कापणीत अडकलेला, म्हणून खुशीला कडेवर घेऊन अल्काच सासूला घेऊन निघाली. शिरा दाखवायला मंदाबाईची ना नव्हती. आदल्या दिवशी तिने मेंदीचा लेप तेवढा जाड चढवला.

नागपूरहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्टुलावर उभं केलं. झोपल्यावर शिरा दबतात, म्हणून हा पाय उभ्यानेच पाहायचा असतो. त्यांनी फीत गुंडाळून पोटरी मोजली, नडगीवर अंगठा दाबला. पडलेला खळगा लवकर भरेना. दुखतं का, जड होतो का, खाजतो का, असं विचारत त्या एकेका त्रासाला गुण देत होत्या, त्रास जास्त तर गुण जास्त. मंदाबाईचं उत्तर एकच, "नाई जी." मग बाई घोट्यापाशी आल्या.

"एवढी मेंदी कशाला?"

"चिखल्यांले लावतो जी."

"आई, कापणी चालू आहे," अल्का बोलून गेली. "बांध्या कवाच्या सुकल्या. आता कायच्या चिखल्या?"

सासूने सुनेकडे डोळे वटारून पाहिलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"कातडीचा रंग कळल्याशिवाय मला आजाराची पायरी ठरवता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाली काय आहे, मावशी?"

मंदाबाईचा धीर सुटला. "डाग आहे जी. घरात लहान लेकरू आहे. महारोग असन तर सांगून टाका, मी वेगळी राहीन."

डॉक्टरीणबाईंनी मंदाबाईला खाली बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची बारीक वात पायावर टेकवत विचारत गेल्या, कुठे लागलं? "अंगठ्यापाशी. घोट्यावर. आता डागावर. पुन्हा डागावरच." एकदाही चुकली नाही. बाईंनी कातडी बोटांनी चाचपली, मेंदीच्या वरच्या कडेला डोकावणारा काळपट रंग उजेडात निरखला.

"हा महारोग नाही. त्याच्या डागावर बहुधा स्पर्श कळत नाही. आणि तो असता तरी गोळ्यांनी बरा होतो, वेगळं कशाला राहायचं? वर जायचं रक्त तुमच्या पायात साचतंय, त्याने कातडी काळवंडली. नुसत्या शिरा फुगल्या तर दुसरी पायरी, सूज आली की तिसरी, कातडी बिघडली की चौथी. तुमची चौथी. जखम होऊन भरली की पाचवी, उघडी राहिली तर सहावी."

"चौथीच ना जी?" मंदाबाईचं हसू ओठांत मावेना.

"हसताय काय? पाय सांभाळला नाही तर जखम होईल. आता खरं सांगा, दुखतो का?"

"दुखते म्हणजे! सांजच्याले ठणकते, रात्रभर खाजते, उभं राहवत नाही!" आता ती हातचं काही राखेना. गुण भराभर वाढत चालले, बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि पेशंट मात्र लग्नाला आल्यासारखी खुशीत. घट्ट मोजे, पाय उंच ठेवून बसणं, गोंदियाला जाऊन शिरांची सोनोग्राफी, जे सांगतील त्याला तिने हो म्हटलं.

बाहेर बाकावर बसून तिने हात पुढे केले. "आण वं तिले."

अल्काने लेकरू छातीशी आणखीच घट्ट धरलं. तिचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे पोरगी झाली म्हणून नाई?"

एवढे महिने मंदाबाईला फक्त डाग दिसत होता. शेणाचे हात आणि वेगळं ताट पाहून सून काय समजत असेल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. डागापेक्षा हे तिला जास्त झोंबलं.

"नाई वं माय," ती कशीबशी म्हणाली. "जीव जाऊन राहिला होता माझा तिच्यासाठी."

अल्काने खुशीला तिच्या मांडीवर ठेवलं. पोरीने एकदा त्या अनोळखी तोंडाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. अल्का घ्यायला वाकली, तशी मंदाबाईने हाताने थांबवलं. तिच्याही गालांवरून पाणी ओघळत होतं.

"राहू दे. ओळखत नाही ना थे मले. रडू दे तिले."

अल्का मग तिला खेटून बाकावर बसली.