काढायचं ते ओतलं

दवाखान्याच्या तळघरात नेटवर्कचा स्विच आणि कोबीचं पिंप एकाच खोलीत होतं. नियमात बसत नव्हतं, पण तळघर थंड, आणि नोव्हेंबरात आमच्या गावात थंड कोपरा दिसला की तिथे खारवलेला कोबी असतोच. पिंप साऱ्या दवाखान्याचं. त्याची देखभाल साफसफाईवाली राद्का करी. दर तिसऱ्या दिवशी ती तळाच्या नळातून खारं पाणी बादलीत काढायची आणि वरून पुन्हा ओतायची, म्हणजे मीठ सगळीकडे सारखं लागतं. स्विचची देखभाल माझ्याकडे होती. साऱ्या कॉम्प्युटरांच्या तारा त्या डब्यात येतात, आणि कोणी कोणाशी बोलायचं ते त्यातली सेटिंगची एक फाइल ठरवते.

मंगळवारी दुपारी डॉक्टरांना प्रयोगशाळेचे रिपोर्ट दिसेनासे झाले. मी खाली गेलो तर उपसंचालक काल्चेव तिथे आधीच उभा. लॅपटॉप काखेत, दुसरा हात कोपरापर्यंत पिंपात. अख्खं पान काढून त्यानं तोंडात कोंबलं. पाणी हनुवटीवरून टायवर गळत होतं.

"हिच्या पिंपाचं पाणी उडालंय स्विचवर," तो चावता चावता म्हणाला. "संचालिकाबाईंना फोन केलाय मी. उद्यापासून राद्का नको."

राद्का दारातच होती, हातात फरशी पुसायचं फडकं. तिची पेन्शन दोन वर्षांवर आली होती.

"साहेब, स्विच डोक्याच्या वर आहे. पाणी काय शिडी लावून चढलं?"

"तू गप्प बस. मेतोदी, तो बंद करून चालू करा, चांगली फाइल घाला. रिपोर्ट अडलेत."

मी स्विचवरून हात फिरवला. कोरडा ठणठणीत. लॅपटॉप जोडून, कोणी केव्हा काय केलं याच्या त्यातल्या नोंदी उघडल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी काल्चेवच्या नावानं, त्याच्या लॅपटॉपवरून, एक फाइल स्विचमध्ये शिरली होती. गेल्या वर्षीची, प्रयोगशाळा नव्या खोलीत जाण्याआधीची. तिला प्रयोगशाळेची नवी तार माहीतच नव्हती.

त्याला स्विचमधल्या फाइलची प्रत स्वतःकडे घ्यायची असणार, म्हणून त्यानं 'डाउनलोड' निवडलं. पण हा स्विच स्वतःच्या बाजूनं बोलतो. त्याच्या लेखी डाउनलोड म्हणजे त्याच्या पोटात. ही चूक एकदा माझ्याही हातून झाली आहे, त्यामुळे चुकीची शिसारी आली नाही. तिच्याच पिंपातलं खाऊन तिच्यावर ढकलणाऱ्या त्या तोंडाची आली.

स्विच बंद केला की नोंदी पुसल्या जातात. काल्चेवला हे माहीत होतं का? असेल, नसेलही. माणसांबद्दलचे माझे अंदाज फारसे बरोबर आलेले नाहीत.

"वाट कशाची बघताय?"

"प्रत घेतोय."

"कसली?"

"आहे त्याची," मी म्हणालो. खरं तर काय सापडलं ते मोठ्यानं सांगायला हवं होतं.

मी 'अपलोड' निवडलं. नोंदींची फाइल स्विचच्या पोटातून माझ्याकडे आली. ती दोनदा उघडून पाहिली, मगच स्विच बंद करून चालू केला आणि आधीच्या शुक्रवारी जपून ठेवलेली सेटिंगची फाइल आत घातली. रिपोर्ट दिसू लागले.

वरच्या मजल्यावर संचालिका गेनोवाबाईंच्या टेबलावर मी नोंदींचा कागद ठेवला. काल्चेव खुर्चीत, राद्का दाराशी.

"मेतोदीकाका, मला यातलं कळत नाही. सोपं करून सांगा."

मी 'स्विचच्या दृष्टीनं' असं काहीसं सुरू केलं आणि अडखळलो.

"बाई," राद्का म्हणाली, "काढायचं ते ओतलं साहेबांनी. तेही गेल्या वर्षीचं पाणी, यंदाच्या कोबीवर."

बाईंनी कागदावरचं नाव आणि वेळ वाचली. "तू जा कामाला, राद्का. उद्याही ये."

"गैरसमज झाला थोडा," काल्चेव टाय पुसत म्हणाला. माफी त्यानं मागितली नाही. ती मागा, असं मीही म्हणालो नाही. त्या न बोलण्याची घाण चव आजही माझ्या तोंडात आहे.

त्याच आठवड्यात शुक्रवारी काल्चेव बशी घेऊन तळघरात आला. राद्कानं वरची दोन पानं काढून बशीत घातली, वर लाल तिखट भुरभुरलं.

"तुम्हाला, मेतोदीदादा?"

मी नको म्हणालो. त्या पिंपात त्याचा हात कोपरापर्यंत गेलेला मी पाहिला होता.