चाकावर न फिरलेला वाडगा

मी चाकावर कधीच न फिरलेला वाडगा बोलतोय. जाडजूड, ओबडधोबड, अंगभर सुरीचे घाव. मला पाहून सहसा कुणी छान म्हणत नाही.

सत्त्याऐंशी साली सातासमुद्रापार, पिस्कॅटवे गावातल्या एका चर्चच्या तळघरात माझा जन्म झाला. ओकादा नावाच्या जपानी बाई तिथं कुरिनुकी शिकवत. म्हणजे मातीचा भरीव गोळा आपटून घट्ट करायचा, बाहेरून सुरीनं तासायचा आणि मग आतून कोरत कोरत पोकळ करायचा. चाक नाहीच. म्हणूनच तर मुलाकडं राहायला आलेली रत्नाबाई तिथं गेली. कुंभाराघरची ती. जन्मभर माती तुडवली, मडकी थापटली. पण बाईमाणसानं चाकाला शिवायचं नाही, असा तिच्या घरचा दंडक होता.

पहिल्यांदा कोरून झाल्यावर तिनं सवयीनं ओला हात फिरवला आणि माझे सगळे घाव गुळगुळीत करून टाकले. कुरिनुकीत तर घाव तसेच ठेवायचे असतात. ओकादाबाईंनी मला उचललं, चेपलं आणि पुन्हा गोळा करून तिच्यापुढं आदळलं. रत्नाबाईचे डोळे भरले.

"कजाग आहे मेली," ती पुटपुटली. पण दुसऱ्यांदा कोरताना पाण्याचं भांडं तिनं आपणच लांब सरकवलं.

भाजून झाल्यावर तिनं मला घरी नेलं, तर तिचा मुलगा विनय कडाडला, "आई, तुला चिखलातून बाहेर काढलं ते इथं येऊन परत चिखलात बसायला? गार्बेजमध्ये टाक ते."

"नाही टाकत."

शनिवारी विनयचे मित्र, गिरीश आणि नीला, जेवायला आले. रत्नाबाई मुद्दाम माझ्यात ताक ओतून घेऊन पंगतीला बसली.

"अय्या काकू, हे जॅपनीज आहे का?" नीलानं विचारलं.

"मी केलंय. आम्ही कुंभार ना."

गिरीश हसला. "काय यार विनय! तू तर म्हणायचास, बाबांची सिरॅमिकची फॅक्टरी होती!"

"होती की," रत्नाबाई म्हणाली. "एक चाक आणि एक गाढव."

विनय हसला नाही. पाहुणे जाताच त्यानं मला गराजमध्ये भिरकावलं. माझ्या काठाचा टवका उडाला.

"परत टेबलावर दिसला तर फोडीन."

"फोड. मी दुसरा कोरीन."

तेव्हापासून ती चहा गराजमध्येच पिते, माझ्यातूनच. अंगात कोट, बूड टेकायला उलटी बादली. आज बाहेर बर्फ पडतंय. विनयनं आतलं दार उघडलं.

"आत चल, आई. आजारी पडशील."

"ह्याला आत जागा असेल तर येते."

"किती हट्ट करशील गं?"

"तुझ्या बापानं चाकाला हात लावू दिला नाही, विन्या. तू सुरीला तरी लावू दे."

तो दारातच उभा आहे. मला घेऊन ये म्हणत नाही, दारही लावत नाही. बाबा रे, तुझ्या घरातली सगळ्यांत कुरूप वस्तू मीच असेन. पण लवकर काय ते ठरव. माझ्यातला चहा निवत चाललाय, आणि तुझी आई त्याच्यावरच हात शेकतेय.